‘डॉक्टर हू’चा सातबारा कोणाच्या नावावर?

पोथी उघडावी आणि पहिला अध्यायच नसावा, असा प्रकार २०२३ च्या नोव्हेंबरात ब्रिटनमध्ये घडला. ‘डॉक्टर हू’ या टीव्ही मालिकेला साठ वर्षं पूर्ण होत होती. त्या निमित्तानं बीबीसीनं आयप्लेअर या आपल्या इंटरनेट सेवेवर या मालिकेचा ८०० तासांहून मोठा खजिना खुला केला. प्रेक्षकांनी सगळ्यात आधी शोधली ती पहिली गोष्ट, १९६३ मध्ये चार शनिवार दाखवलेली. नेमकी तीच नव्हती. बीबीसीचं म्हणणं एका ओळीचं होतं: त्या चार भागांचे सगळे हक्क आमच्याकडे नाहीत.

मालिका बीबीसीची, स्टुडिओ बीबीसीचा, पगार बीबीसीचा, आणि हक्क नाहीत? पुढे ऑक्टोबर २०२५ मध्ये डिस्नेनं या मालिकेतून अंग काढून घेतल्याची बातमी आली, तेव्हा पुन्हा तोच गोंधळ. कोणी म्हणे मालिका डिस्नेची झाली होती, कोणी म्हणे बंद पडली. सातबारा उताऱ्यावर मालकाच्या नावाशेजारी ‘इतर अधिकार’ असा एक रकाना असतो. खरी भानगड बहुतेक वेळा त्या रकान्यात असते. ‘डॉक्टर हू’चंही तसंच आहे.

मालिका आहे तरी काय

एक ‘डॉक्टर’ आहे. त्याचं खरं नाव कोणालाच माहीत नाही, म्हणून ‘डॉक्टर कोण?’. तो माणसासारखा दिसतो, पण परग्रहावरचा आहे. टार्डिस नावाच्या यानातून तो काळात मागेपुढे आणि विश्वात कुठेही जातो. हे यान बाहेरून रस्त्यावरच्या निळ्या पोलीस पेटीसारखं दिसतं आणि आतून प्रचंड मोठं आहे. पोलिसांकडे वॉकीटॉकी नव्हते त्या काळात ब्रिटनमधल्या रस्त्यांवर अशा पेट्या असत. आत फोन असे. पहिला भाग २३ नोव्हेंबर १९६३ च्या शनिवारी संध्याकाळी लागला. आदल्याच दिवशी अमेरिकेत केनेडींची हत्या झाली होती. लोकांचं लक्ष ठिकाणावर नव्हतं, म्हणून पुढच्या शनिवारी दुसऱ्या भागाच्या आधी पहिला पुन्हा दाखवावा लागला. १९८९ पर्यंत मालिका चालली, मग मोठा खंड पडला, आणि २००५ पासून ती पुन्हा सुरू झाली.

कल्पना नेमकी कोणाची?

बहुतेक ठिकाणी उत्तर मिळतं: सिडनी न्यूमन. ते खोटं नाही, अपुरं आहे.

न्यूमन मूळचे कॅनडातल्या टोरंटोचे. बीबीसीची प्रतिस्पर्धी असलेल्या एबीसी या खासगी वाहिनीवर नाव कमावून ते डिसेंबर १९६२ मध्ये बीबीसीच्या नाट्यविभागाचे प्रमुख झाले. त्यांच्यापुढे एक व्यवहारी अडचण होती. शनिवारी दुपारचा खेळांचा कार्यक्रम संपतो आणि संध्याकाळचा पॉप संगीताचा सुरू होतो, त्या मधल्या वेळात प्रेक्षक निसटतात. त्यांना धरून ठेवेल, लहानांना आवडेल आणि मोठ्यांनाही चालेल असं काहीतरी हवं होतं. म्हणजे एवढ्या मोठ्या विश्वाचा जन्म वेळापत्रकातलं भोक बुजवण्यासाठी झाला.

गंमत म्हणजे न्यूमन येण्याआधीच, १९६२ मध्ये, बीबीसीच्या पटकथा विभागानं विज्ञानकथा टीव्हीवर चालतील का यावर अहवाल करून ठेवले होते. ते हाताशी घेऊन बैठका झाल्या. मालिका विभागाचे प्रमुख डोनल्ड विल्सन त्यांत होते, आणि सी. ई. वेबर नावाचे लेखकही. वेबर यांनी मालिकेची पहिली सविस्तर टिपणं लिहिली आणि न्यूमन यांनी त्यांच्या समासात शेरे मारले. तऱ्हेवाईक म्हातारा, काळात फिरणारं यान, आतून मोठं आणि बाहेरून लहान, ही मूळ त्रिसूत्री न्यूमन यांची. मुलांना इतिहास आणि विज्ञान शिकवायचं, हेही त्यांचंच. म्हणून पहिल्या प्रवाशांत दोन शिक्षक आहेत. मात्र यान पोलीस पेटीसारखं दिसावं हे सुचलं अँथनी कोबर्न या ऑस्ट्रेलियन लेखकाला, फिरायला गेले असताना रस्त्यावर तशी पेटी पाहून. डॉक्टरबरोबरची मुलगी ही त्याची नात असावी, हेही कोबर्न यांचंच.

कोबर्न यांचं नाव लक्षात ठेवा. पहिली गोष्ट त्यांनी लिहिली आहे.

निर्माती सत्तावीसची, दिग्दर्शक चोविसाचा

कागदावरची टिपणं पडद्यावर आणायची कोणी? न्यूमन यांनी आधी एकदोघांना विचारलं, ते नाही म्हणाले. मग त्यांनी एबीसीतली जुनी सहकारी बोलावली, व्हेरिटी लँबर्ट. वय २७. बीबीसीच्या नाट्यविभागात त्या वेळी दुसरी स्त्री निर्माती नव्हती. न्यूमन यांचा तिच्यावर विश्वास का, याला एक कारण होतं. नोव्हेंबर १९५८ मध्ये एबीसीवर एका नाटकाचं थेट प्रक्षेपण चालू असताना एक नट दोन प्रवेशांच्या मध्येच मरण पावला. दिग्दर्शक उरलेल्या नटांना पुढचं समजावायला खाली धावला आणि तेवढा वेळ वर कॅमेरे सांभाळले ते सहायक लँबर्टनं.

दिग्दर्शक मिळाला २४ वर्षांचा: वारिस हुसेन. जन्म लखनौचा, १९३८ चा. आई अतिया हुसेन, इंग्रजीत लिहिणाऱ्या नामवंत कादंबरीकार. कुटुंब १९४६ मध्ये इंग्लंडला गेलं. केंब्रिजहून शिकून वारिस बीबीसीत आले, तेव्हा तिथल्या नाट्यविभागात भारतात जन्मलेला दुसरा दिग्दर्शक नव्हता. म्हणजे ब्रिटिशांची ही इतकी ‘ब्रिटिश’ मालिका उभी केली ती कॅनडाचा साहेब, एक ज्यू तरुणी, ऑस्ट्रेलियन लेखक आणि लखनौचा मुलगा यांनी. मला तरी हा योगायोग वाटत नाही. कुठूनतरी आलेला, कुठेच पुरता न मावणारा पाहुणा हाच तर या मालिकेचा नायक आहे.

लंडनच्या लाइम ग्रोव्ह स्टुडिओत सप्टेंबर १९६३ मध्ये पहिला भाग चित्रित झाला. यानाचे दरवाजे नीट मिटेनात, आणि डॉक्टर झालेले विल्यम हार्टनेल फारच तुसडे वाटत होते. न्यूमन यांनी लँबर्ट आणि हुसेन यांना चिनी हॉटेलात जेवायला नेलं आणि सांगितलं, खरं तर तुम्हाला काढूनच टाकायला हवं, पण पुन्हा करा. ऑक्टोबरात तोच भाग परत चित्रित झाला. आज पाहायला मिळतो तो हा दुसरा प्रयत्न. (हुसेन यांनी नंतर मार्को पोलोवरच्या सात भागांच्या गोष्टीतले बहुतेक भाग केले. ते सातही हरवले आहेत. जुन्या टेपा पुसून पुन्हा वापरायच्या, ही तेव्हाची बीबीसीची काटकसर. या मालिकेचे नव्वदहून अधिक भाग त्यात गेले.)

पगार की मानधन? सगळी मेख इथेच

आता कायद्याकडे. शब्द एकच लागेल: कॉपीराइट, म्हणजे एखादी कृती छापायची, दाखवायची, विकायची परवानगी कोणी द्यायची याचा हक्क.

दिवाळी अंक डोळ्यांसमोर आणा. ‘यंदा गूढकथा विशेषांक काढू’ ही कल्पना संपादकाची. संपादक आणि सजावटकार मासिकाचे पगारी नोकर. कथा मात्र बाहेरच्या लेखकाची, मानधन देऊन घेतलेली. दहा वर्षांनी त्या कथेवर चित्रपट निघाला तर निर्माता कोणाकडे जाईल? लेखकाकडे. मुखपृष्ठाचं चित्र हवं असेल तर मासिकाकडे, कारण पगारी माणसानं नोकरीचा भाग म्हणून केलेलं काम मालकाचं. करारात वेगळं काही लिहिलं असेल तर गोष्ट निराळी. आणि ‘गूढकथा विशेषांक’ ही नुसती कल्पना? ती कोणाचीच नाही. शेजारचं मासिकही तसाच अंक काढू शकतं. कॉपीराइट कल्पनेला मिळत नाही, ती ज्या शब्दांत किंवा रूपात मांडली त्याला मिळतो. ब्रिटनचा कायदा असाच आहे आणि आपला १९५७ चा कायदाही याच वळणाचा.

एवढं कळलं की ‘डॉक्टर हू’चे बहुतेक तंटे उलगडतात.

एकाला हवेली, दुसऱ्याला बिल्ला

दुसरी गोष्ट लिहायला कार्डिफचे टेरी नेशन आले. ते फ्रीलान्स, म्हणजे नोकरीत नसलेले, मानधनावर लिहिणारे. त्यांनी धातूच्या कवचातले क्रूर प्राणी कल्पिले: पाय नाहीत, माणसाची एकही खूण नाही, जमिनीवरून सरकत जाणारे. लांब झग्यांतल्या जॉर्जियन नर्तकी पाय न दिसता कशा तरंगतात, ते त्यांच्या डोक्यात होतं. हे डॅलेक. ते प्रत्यक्ष कसे दिसतात हे ठरवलं रेमंड क्यूसिक यांनी: खाली घसरत गेलेले गोल उंचवटे, पुढे रोखलेली दांडी, वर एकच डोळा. क्यूसिक पगारी. हे काम मुळात रिडली स्कॉट या दुसऱ्या पगारी सजावटकाराकडे जायचं होतं, पण तारखा जुळल्या नाहीत. ते पुढे हॉलिवूडचे मोठे दिग्दर्शक झाले.

न्यूमन मात्र चिडले होते. बटबटीत डोळ्यांचे राक्षस नकोत, हा त्यांचा पहिल्यापासूनचा दंडक. लँबर्टनं ऐकलं नाही. १९६३ च्या डिसेंबरात डॅलेक आले आणि ब्रिटनभर पोरं हात लांब करून एकसुरी आवाजात ओरडत फिरू लागली. खेळणी, पुस्तकं, दोन चित्रपट. नेशन यांची एजंट बेरिल व्हर्ट्यू हिनं करारातच त्यांचा डॅलेकवरचा हिस्सा राखून ठेवला होता, त्यामुळे प्रत्येक खेळण्यामागे नेशन यांना पैसे मिळत गेले आणि केंटमध्ये मोठी हवेली झाली. क्यूसिक यांना मिळाले खुशीचे १०० पौंड, आणि मुलांच्या ‘ब्लू पीटर’ कार्यक्रमाचा बिल्ला.

डॅलेकचं नाव काढल्यावर तुमच्या मनात काय येतं? नेशन यांची वाक्यं नव्हे, क्यूसिक यांचा आकार. पण कायदा मनात काय येतं ते विचारत नाही.

तो हिस्सा किती पक्का होता, हे २००४ मध्ये कळलं. मालिका नव्यानं सुरू होणार, आणि नेशन यांच्या वारसांचा बीबीसीशी डॅलेकवरून वाद. काही आठवडे डॅलेकशिवायच मालिका येणार अशी चिन्हं होती. ऑगस्टात समझोता झाला. (बेरिल व्हर्ट्यू यांचे जावई स्टीव्हन मॉफट पुढे याच मालिकेचे प्रमुख लेखक झाले. जग लहान आहे.)

उलटं उदाहरण के-नाइन या यांत्रिक कुत्र्याचं, १९७७ चं. पात्र लेखकद्वयाचं, बॉब बेकर आणि डेव्ह मार्टिन यांचं; कुत्र्याचं रूप बीबीसीचं. बेकर यांनी २००९ मध्ये ऑस्ट्रेलियात त्या कुत्र्याची स्वतंत्र मालिका काढली. कुत्रा त्यांचा, पण जुनं रूप वापरता येईना, म्हणून नवं अंग घडवावं लागलं. डॉक्टरचं नावही घेता येईना.

‘पण पगार घेतला होता ना?’

हा आक्षेप रास्त आहे. पगारी माणसाला मालिका आपटली तरी पहिल्या तारखेला पैसे मिळतात. जोखीम मालकाची, तर फायदाही मालकाचा. मला ते पैशापुरतं मान्य आहे. नावापुरतं नाही.

मालिकेचं शीर्षकसंगीत घ्या. रॉन ग्रेनर यांनी चाल लिहिली, एका कागदावर, वाद्यांऐवजी वाऱ्याची आणि ढगांची शब्दचित्रं टाकून. त्याचं संगीत केलं डेलिया डर्बिशायर हिनं, बीबीसीच्या रेडिओफोनिक वर्कशॉप या इलेक्ट्रॉनिक ध्वनींच्या विभागात, डिक मिल्स या सहायकाबरोबर. सिंथेसायझर मिळत नव्हते. ताणलेली एक तार छेडायची, चाचणीसाठीच्या यंत्रांचे सूर घ्यायचे, खरखर घ्यायची. टेपवर उतरवून वेग कमीजास्त करून एकेक स्वर तयार करायचा. मग टेप कापून, तुकड्याला तुकडा चिकटवून, मणी ओवावेत तशी चाल ओवायची. ऐकल्यावर ग्रेनर म्हणाले, हे मी लिहिलंय? ती म्हणाली, बरंचसं.

ग्रेनर यांनी आपली अर्धी रॉयल्टी तिला देऊ केली. बीबीसीनं होऊ दिलं नाही: वर्कशॉपची माणसं अनामिक, हा नियम. २००१ मध्ये ती गेली. पडद्यावर तिचं नाव पहिल्यांदा आलं २०१३ मध्ये, पन्नाशीच्या विशेष भागात. नाव द्यायला बीबीसीला एक पैसा लागला नसता.

‘मग न्यूमन तरी मालक?’

नाहीत. ते पगारी अधिकारी होते, आणि त्यांचं योगदान बरंचसं कल्पनेच्या पातळीवरचं. १९८६ मध्ये मालिका गटांगळ्या खात होती, तेव्हा न्यूमन यांनी बीबीसीला पत्र लिहून ती सावरायचे उपाय सुचवले. पुढे कधीतरी डॉक्टरची बाई करावी, हा त्यांतला एक. आपलं नाव मालिकेचा ‘जनक’ म्हणून श्रेयनामावलीत घालावं, अशीही त्यांनी विनंती केली. उत्तर आलं की कार्यक्रमांना जन्म देणाऱ्या विभागप्रमुखांनी त्यातून मिळणाऱ्या इतर फळांवर समाधान मानावं. न्यूमन १९९७ मध्ये वारले. तोवर ते नाव लागलं नाही. डॉक्टरची बाई मात्र झाली, २०१७ मध्ये.

निळ्या पेटीवरून पोलीस विरुद्ध बीबीसी

पेटीचं रूप तर रस्त्यावरूनच उचललेलं. मग ते पोलिसांचं नाही का? लंडनच्या पोलिसांना तसंच वाटलं. बीबीसीनं १९९६ मध्ये पेटीच्या आकाराचा ट्रेडमार्क मागितला, म्हणजे मालावर लावायचं व्यापारचिन्ह. पोलिसांनी हरकत घेतली. २००२ मध्ये निकाल बीबीसीच्या बाजूनं लागला. पोलिसांनी तो आकार कधी नोंदवलाच नव्हता, पेट्या रस्त्यांवरून जवळपास गेल्या होत्या, आणि दुकानात ती पेटी दिसली की लोकांना पोलीस आठवत नव्हते, डॉक्टर आठवत होता. वहिवाट जिंकली म्हणा.

‘नव्या संचात’, तरी मालिका तीच?

आपल्याकडे गाजलेलं नाटक पुन्हा आलं की जाहिरातीत छापतात, ‘नव्या संचात’. प्रेक्षक समजून घेतात. १९६६ मध्ये हार्टनेल यांची तब्येत ढासळली, तेव्हा निर्माते इनिस लॉइड आणि कथा-संपादक गेरी डेव्हिस यांनी ‘नवा संच’ हाच कथेचा भाग करून टाकला: डॉक्टर मरणाच्या दारात पोचला की त्याचं शरीर बदलतं. पॅट्रिक ट्रॉटन आले आणि मालिकेला आयुष्याचा पट्टा मिळाला.

मला वाटतं, जनक एकच मानायचा हट्ट इथे संपतो. डॉक्टरची ‘टाइम लॉर्ड’ ही जमात १९६९ मध्ये टेरन्स डिक्स आणि माल्कम हल्क यांनी आणली, मालिका सुरू होऊन जवळपास सहा वर्षं झाल्यावर. सायबरमेन हे दुसरे मोठे शत्रू डेव्हिस आणि किट पेडलर या वैद्यकीय शास्त्रज्ञाचे. २००५ मध्ये रसेल टी डेव्हिस यांनी कार्डिफहून मालिका परत उभी केली नसती तर आज तिच्यावर कोणी लेखही लिहिला नसता. वारीत पालखी कोणाच्या खांद्यावरून निघाली आणि कोणाच्या खांद्यावरून पोचली, याचा हिशेब लागत नाही, तसं हे.

डिस्नेचं काय होतं मग?

भाडेकरू म्हणा, तेही सगळ्या घराचे नव्हेत. २०२२ च्या करारानुसार डिस्नेनं निर्मितीत पैसा घातला आणि ब्रिटन-आयर्लंडबाहेर नवे भाग दाखवायचा हक्क घेतला. मालकी बीबीसीकडेच राहिली. करार संपला म्हणजे पैसा आटला, घर विकलं गेलं नाही.

आणि तो पहिला अध्याय

कोबर्न आधी बीबीसीच्या पटकथा विभागात पगारी होते. १९६३ च्या उन्हाळ्यात हा विभाग मोडीत निघाला. मोडणारे होते न्यूमनच. कोबर्न नोकरीतून बाहेर पडले आणि तीच गोष्ट त्यांनी फ्रीलान्स म्हणून पुरी केली. काही आठवड्यांचा फरक. पहिल्या चार भागांची चित्रफीत बीबीसीची, पण पटकथा लेखकाची, आणि लेखकामागून वारसाची. कोबर्न १९७७ मध्ये गेले. त्यांच्या मुलानं २०१३ मध्ये टार्डिसवरही हक्क सांगितला होता. २०२३ मध्ये त्याच्याशी बीबीसीचं जुळलं नाही, आणि आयप्लेअरवर पहिली गोष्ट आली नाही.

मुलावर तेव्हा समाजमाध्यमांवर बरीच आगपाखड झाली. वडिलांची जमीन नावावर असलेल्या कोणाही माणसाला तुम्ही विचारा, तो इतक्या लवकर चिडणार नाही.

ब्रिटनमध्ये कॉपीराइट लेखकाच्या मृत्यूनंतर ७० वर्षं, त्या वर्षाच्या अखेरीपर्यंत चालतो. दरम्यान कोणी समझोता केला नाही, तर कोबर्न यांची पटकथा १ जानेवारी २०४८ ला सगळ्यांची होईल. मालिकेला तेव्हा ८४ वर्षं झालेली असतील.